स्पोर्ट्स कारला मोठी चाके आणि टायर निवडताना: मुंबईच्या रस्त्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

गाडीला मोठी चाके बसवायची ठरली की बहुतेक जण आधी चाकाचे डिझाइन पसंत करतात, मग त्यावर चढेल तो टायर शोधतात आणि पहिल्या पावसाळ्यात टायर मडगार्डला घासू लागला किंवा त्याला फुगा आला की दुकानदाराला बोल लावतात. हा क्रम उलटा करावा. आपल्या गाडीचे वजन पेलणारा आणि दोन-तीन वर्षांनी एकच बदलायची वेळ आली तरी मुंबईत मिळू शकेल असा टायर आधी ठरवावा, त्याला साजेशी चाकाची रुंदी आणि ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसते ते माप, काढावा, आणि त्या मापात जी चाके उपलब्ध असतील त्यांतूनच रूप आणि रंग निवडावा. पुढील सगळी मांडणी याच क्रमाने केली आहे.

मोठ्या चाकाचा फायदा खरा आहे. टायरची बाजू बुटकी झाली की स्टिअरिंग वळवल्याबरोबर गाडी वळते, मोठ्या ब्रेकसाठी जागा होते आणि रुंद टायर घेण्याची सोय होते. मात्र त्याच बदलाने खड्डा आणि रिम यांच्यामधले रबर कमी होते, चाकाचे वजन बहुधा वाढते आणि ते वजन आसापासून दूर सरकल्यामुळे गाडी वेग घेताना व थांबताना जडही होते. मुंबईत रोज चालणाऱ्या गाडीसाठी मूळ मापापेक्षा एक इंच वर जाणे हा माझ्या मते योग्य टप्पा आहे. दोन इंच वर जाण्याचा निर्णय रोजचा रस्ता नीट आठवूनच घ्यावा.

आधी मूळ गाडीची नोंद

चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीने मान्य केलेली टायरची मापे आणि हवेचा दाब छापलेला असतो. तो आधी टिपून घ्यावा. त्याच मॉडेलच्या महागड्या प्रकाराला कंपनी कोणते मोठे माप देते तेही पाहावे, कारण कंपनीने स्वतः तपासलेले माप मिळाले तर पुढचे अर्धे काम वाचते. मग एक चाक काढून त्याच्या पाठीवर कोरलेले आकडे वाचावेत. ‘७.५ जे × १७ ईटी ५१’ अशा ओळीत रुंदी इंचांत, व्यास इंचांत आणि ऑफसेट म्हणजे ईटी मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. पीसीडी, म्हणजे बोल्टच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास, आणि मधल्या मोठ्या छिद्राचा म्हणजे सेंटर बोअरचा व्यास याही गोष्टी हव्यात. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसला ५×११२ पीसीडी आणि ५७.१ मिलिमीटर बोअर असतो, जुन्या बीएमडब्ल्यूंना ५×१२०, फोर्ड मस्टँगला ५×११४.३ आणि पोर्शे ९११ ला ५×१३०.

११२ आणि ११४.३ यांत फरक अवघा २.३ मिलिमीटरचा असल्यामुळे बोल्ट जोर लावून बसवता येतात, आणि असे बसवून देणारे लोकही भेटतात. तिथून सरळ निघून यावे. तिरका बसलेला बोल्ट ताणाखाली सैल होतो किंवा तुटतो.

टायरचे माप कसे काढावे

२२५/४५ आर १७ या मापात टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर, आणि रिम १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर असते. रिममध्ये बाजूची उंची दोनदा मिळवली की टायरचा पूर्ण व्यास मिळतो. इथे तो ६३४ मिलिमीटर येतो. नवा टायर शक्यतो याच व्यासाच्या जवळ राहायला हवा. तसे न झाल्यास स्पीडोमीटर आणि ओडोमीटर चुकतात, गिअरचे प्रमाण बदलते आणि मडगार्डच्या आत जागा उरत नाही.

याच गाडीला १८ इंची चाकावर २२५/४० घेतला तर व्यास ६३७ होतो, म्हणजे अर्धा टक्का वाढ. २३५/४० घेतला तर ६४५, म्हणजे पावणेदोन टक्के वाढ. १९ इंचावर २२५/३५ चा व्यास ६४० भरतो. तीन टक्क्यांपर्यंत चालते असे दुकानात सर्रास सांगितले जाते, परंतु ती वरची हद्द आहे आणि दीड टक्क्याच्या आत राहिल्यास घासण्याचे प्रश्न बरेच कमी होतात. बाजूची उंचीही पाहावी. १७ वरची १०१ मिलिमीटरची बाजू १८ वर ९० होते आणि १९ वर ७९ राहते. चौकात खचलेल्या पेव्हर ब्लॉकची धार किंवा उड्डाणपुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी अंगावर येते तेव्हा हेच २२ मिलिमीटर रिम वाकणार की नाही ते ठरवतात.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत आणखी एक बंधन येते. पुढच्या आणि मागच्या टायरच्या व्यासात फार फरक पडला तर मधली क्लच किंवा डिफरन्शिअल सतत झिजत राहते. बीएमडब्ल्यूच्या जी२० पिढीच्या ३ सिरीजला पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८ असे वेगवेगळे टायर मिळतात, पण त्यांच्या व्यासांतला फरक फक्त दीड मिलिमीटर आहे. पुढे-मागे वेगळी रुंदी घ्यायची असेल तर असाच मेळ बसवावा. अशा जोडीत पुढचे टायर मागे फिरवता येत नाहीत, हा खर्चही धरावा.

भार निर्देशांक: सर्वांत दुर्लक्षित आकडा

मापानंतर ‘९१ डब्ल्यू’ असे काही लिहिलेले असते. अक्षर वेगमर्यादेचे असते: व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३०० किलोमीटर. ते मूळ अक्षरापेक्षा खालचे नसावे एवढे पाहिले की झाले. आकडा मात्र मन लावून वाचावा, कारण एक टायर किती वजन पेलतो ते त्यात दडलेले असते. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९२ म्हणजे ६३०, ९४ म्हणजे ६७० आणि ८८ म्हणजे ५६० किलो.

व्यास मोठा आणि बाजू बुटकी होत गेली की टायरमधली हवा कमी होते आणि भार पेलण्याची शक्ती घटते. म्हणून बुटके टायर बहुधा एक्सएल प्रकारात, म्हणजे जादा दाब सहन करतील असे बनवतात. साधा टायर आपला छापील भार ३६ पीएसआयला पेलतो, तर एक्सएल टायरला तेवढ्यासाठी ४२ पीएसआय लागतात. याचा परिणाम उदाहरणाने पाहू. समजा गाडीच्या पाटीवर पुढच्या आसावरचा कमाल भार १०६० किलो आहे, म्हणजे प्रत्येक चाकावर ५३०. मूळ २२५/४५ आर १७ ९१ हा टायर ३३ पीएसआयला अंदाजे ५७५ किलो पेलतो. त्याच्या जागी २२५/३५ आर १९ ८८ एक्सएल बसवून ३६ पीएसआय भरले, तर तो ढोबळ हिशेबाने ५०० किलोच पेलतो. छापील ५६० चा आकडा पाहून निर्धास्त झालेला माणूस चार जण आणि सामान घेऊन लोणावळ्याला निघाला की त्या टायरवर क्षमतेपेक्षा जास्त भार पडतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. टायरची बाजू आतून तापत राहते, एवढेच.

याउलट २२५/४० आर १८ ९२ एक्सएल घेतला तर ३७-३८ पीएसआयला मूळ टायरइतकाच भार पेलला जातो. म्हणून नव्या मापाचा दाब विचारताना ‘सगळ्या गाड्यांना ३३ मारतो’ हे उत्तर स्वीकारू नये. टायर कंपनीचा भार आणि दाब यांचा तक्ता मिळवावा किंवा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून त्या मापाचा दाब लिहून घ्यावा.

रुंदी आणि ऑफसेट

२२५/४० आर १८ टायरसाठी ७.५ ते ९ इंच रुंदीची रिम मान्य आहे आणि ८ इंच ही त्याची बेतशीर रुंदी आहे. मर्यादेच्या कडेवरची रुंद रिम घेऊन टायर ताणून बसवण्याची एक फॅशन आहे. तसे केल्यास रिमची कड टायरच्या बाहेर येते आणि पहिल्याच फूटपाथला ती खरचटते. मुंबईत या फॅशनचा विचारही करू नये.

ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या गाडीच्या भागाला, टेकणारा पृष्ठभाग किती दूर आहे ते अंतर. आकडा वाढला की चाक आत सरकते, कमी झाला की बाहेर येते. नुसते ‘ईटी कमी झाला’ म्हणून भागत नाही, कारण रुंदीही बदललेली असते. दोन्ही कडांचा हिशेब स्वतंत्र करावा. रुंदीच्या निम्म्यातून ऑफसेट वजा केला की बाहेरची कड मिळते, निम्म्यात तो मिळवला की आतली.

मूळ चाक ७.५ जे ईटी ५१ असेल तर बाहेरची कड ४४ आणि आतली १४६ मिलिमीटरवर येते. नवे चाक ८ जे ईटी ४५ घेतले तर हे आकडे ५७ आणि १४७ होतात. आत जवळपास काहीच बदल होत नाही आणि बाहेर चाक १२ मिलिमीटर येते. बहुतेक गाड्यांच्या मडगार्डमध्ये ते सामावते आणि दिसतेही भरदार. पण दुकानात ८.५ जे ईटी ३५ असे चाक फार वेळा पुढे केले जाते, कारण ते अनेक गाड्यांना चालते म्हणून साठ्यात असते. त्याची बाहेरची कड ७३ वर येते, म्हणजे मूळपेक्षा २९ मिलिमीटर बाहेर. असे चाक मडगार्डच्या बाहेर डोकावते, चिखल दारांवर उडवते, व्हील बेअरिंगवरचा ताण वाढवते आणि खड्ड्यातून जाताना स्टिअरिंगला जोराचा झटका देते. चाक कितीही आवडले तरी ते परत ठेवावे.

सेंटर बोअर मूळपेक्षा लहान असेल तर चाक बसणारच नाही. मोठा असेल तर मधली फट भरून काढणाऱ्या नेमक्या मापाच्या रिंग घ्याव्यात, आणि शक्यतो अॅल्युमिनिअमच्या. प्लास्टिकच्या रिंग ब्रेकच्या उष्णतेने वितळून चिकटू शकतात. रिंग नसल्यास ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरते आणि लोक उगाच पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात.

चाक विकत घेताना

ओतीव चाक स्वस्त, पण जड आणि आघाताने तडकणारे. फोर्ज्ड चाक हलके आणि बहुधा तडकण्याऐवजी वाकणारे, म्हणून महाग. या दोहोंमध्ये फ्लो-फॉर्म्ड चाके येतात, ज्यांचा बाहेरचा पट्टा दाबून ताणलेला असल्यामुळे तो पातळ तरी मजबूत असतो. मुंबईच्या वापरासाठी मी फ्लो-फॉर्म्ड चाकालाच कौल देईन. वजनकाटा मागावा. १८ इंची चाक ८ ते ९ किलोंच्या आसपास असेल तर उत्तम, १२ किलोंच्या पुढे गेल्यास दुसरे पाहावे.

पाठीवर कमाल भाराचा आकडा कोरलेला आहे का, जपानी जेडब्ल्यूएल व व्हीआयए किंवा जर्मन टीयूव्ही यांच्या चाचणीच्या खुणा आहेत का, हे पाहावे. नामांकित डिझाइनची नक्कल असलेल्या चाकांवरही या खुणा ओतलेल्या सापडतात, त्यामुळे बिल, कंपनीचे नाव आणि लेखी हमी यांवाचून केवळ खुणेवर भिस्त ठेवू नये. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजूला वापरलेली चाके चांगल्या भावात मिळतात. तशी घेतल्यास प्रत्येक चाक बॅलन्सिंग मशीनवर रिकामे फिरवून पाहावे आणि आतल्या पट्ट्यावर बोट फिरवावे. नव्या रंगाखाली वेल्डिंगचा उंचवटा लागला तर ते चाक एकदा तडकलेले आहे.

टायर घेताना बाजूवर आयएसआय खूण हवीच. जून २०२० पासून नव्या टायरची आयात प्रतिबंधित यादीत असल्यामुळे काही मोठी किंवा विरळ मापे अचानक बाजारातून गायब होतात. निवडलेले माप किमान दोन-तीन कंपन्यांचे उपलब्ध आहे का, हे चाकाचे पैसे देण्यापूर्वी तीन दुकानांत फोन करून विचारावे. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ‘२३२४’ असतील तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे.

रबराच्या बाबतीत मुंबईचे हवामान आपले काम सोपे करते. इथे थंडी अशी पडतच नाही, म्हणून वर्षभर चांगला समर टायर चालतो. प्रश्न पाण्याचा आहे. टायर रुंद झाला की तो पाण्यावर लवकर तरंगू लागतो, म्हणून रुंदी वाढवली असेल तर खोल सलग खाचा असलेलाच टायर घ्यावा. ट्रॅकसाठी बनवलेले, ट्रेडवेअर, म्हणजे झिजेचा निर्देशांक, २०० च्या आसपास असलेले टायर कोरड्या रस्त्यावर विलक्षण पकड देतात, पण जुलैच्या मुसळधार पावसात सागरी किनारा मार्गावर किंवा अटल सेतूवर ते धोक्याचे ठरतात. कायद्याने ट्रेड, म्हणजे खाचांची खोली, १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. रुंद टायर असलेल्या गाडीने पावसाळ्यात शिरताना ते ३ च्या खाली नसावे.

पैसे देण्याआधी बसवून पाहणे

टायर चढवण्यापूर्वी नुसते चाक हबवर लावून हाताने फिरवावे. आरे आणि ब्रेक कॅलिपर यांच्यात सर्वत्र किमान ३ ते ५ मिलिमीटर मोकळीक हवी. चाक १८ इंची आहे म्हणजे ब्रेकवरून जाईलच असे नाही, कारण आऱ्यांचा बाक प्रत्येक डिझाइनमध्ये वेगळा असतो. चाकाच्या आतल्या बाजूला चिकटवायच्या वजनांनाही जागा लागते.

मग एका चाकावर टायर चढवून गाडीला बसवावा. मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे बोटभर जाड गोळे मडगार्डच्या आतल्या ओठावर, प्लास्टिकच्या लायनरवर आणि शॉकअॅब्सॉर्बरच्या बाजूला चिकटवावेत. मागच्या सीटवर दोन-तीन माणसे बसवावीत आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेल्या अवस्थेत सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक तिरका पार करावा, म्हणजे एक चाक वर दबते आणि समोरचे लोंबते. नंतर हेच उलट दिशेने करावे. क्ले जिथे सर्वांत जास्त चेपली असेल तिथली जाडी मोजावी. ती ४-५ मिलिमीटरहून कमी उरली असेल तर खड्ड्यात वेगाने आदळल्यावर टायर घासणार हे नक्की. मडगार्डची कड ठोकून वळवणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण तिथला रंग तडकतो आणि समुद्राच्या हवेत वर्षभरात गंज धरतो.

टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक मोजमाप घ्यावे. स्टॅक पार्किंगच्या पत्र्याच्या तबकात चाकांसाठी दोन पट्टे असतात आणि त्यांना उभ्या कडा असतात. चाके दोन्ही बाजूंना १२-१२ मिलिमीटर बाहेर आली की एकूण रुंदी जवळपास अडीच सेंटिमीटरने वाढते, आणि रोज रात्री गाडी लावताना नव्या रिमची कड त्या पत्र्याला लागू लागते. तबकाची आतली रुंदी टेपने मोजून घ्यावी. टायरही रिमच्या कडेपुढे रबराची पट्टी असलेला निवडावा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणूनच कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांतच राहावे हे सर्वांत शहाणपणाचे. विमा कंपनीला नव्या चाकांची किंमत आणि माप लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी. न कळवलेला बदल हा दावा नाकारण्याचे सोयीचे कारण ठरू शकतो.

बसवणे आणि पहिले काही आठवडे

बोल्टची बैठक तपासावी. स्कोडा, फोक्सवॅगन, ऑडी यांच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते, तर बाजारातल्या बहुतेक चाकांना शंकूच्या आकाराची लागते. गोल बोल्ट शंकूत घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो एका बारीक कडेवरच टेकलेला असतो आणि चालता चालता सुटतो. म्हणून चाकांबरोबर त्याच आट्याचे, त्याच लांबीचे आणि योग्य बैठकीचे बोल्ट घ्यावेत. फोक्सवॅगन समूहाच्या एम १४ बोल्टला सामान्यतः १२० न्यूटन-मीटर ताण लागतो. हवेच्या गनने कसून बसवू देऊ नयेत. टॉर्कच्या पान्याने चांदणीच्या क्रमाने कसावेत आणि ८०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. चारही चाकांचे अलाइनमेंट त्याच दिवशी करून छापील अहवाल मागावा. टायर दाबाची सूचना देणारे सेन्सर मूळ चाकांतून नव्यात हलवावे लागतात. गाडीत सेन्सर नसून एबीएसवरून दाब ओळखला जात असेल तर नुसते रीसेट पुरते.

बुटक्या टायरला खड्ड्याचा मार बसला तरी तो लगेच दिसत नाही. पावसाळ्यात दर पंधरवड्याला थंड टायरचा दाब पाहावा आणि आतल्या बाजूवर हात फिरवून फुगा शोधावा. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, त्यात पदर तुटलेले असतात. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी पाणी साचले असेल तर खोलीपेक्षाही खालचा अदृश्य खड्डा चाक मोडतो, म्हणून वळसा घ्यावा.

स्टेपनीचा व्यास आणि नव्या टायरचा व्यास जुळतो का, हे मोजून ठेवावे. स्टेपनीसाठी गोल बैठकीचे मूळ बोल्टच लागतात, त्यामुळे ते डिकीत पिशवीत ठेवावेत. रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, टायर काढून साधे घेतले असतील आणि गाडीला स्टेपनीच नसेल, तर पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप सोबत ठेवावा. मूळ चाके विकू नयेत. मुंबईच्या घरात चार चाके ठेवायला जागा काढणे जिकिरीचे असते, पण गाडी विकताना, वॉरंटीचा वाद उद्भवल्यास किंवा नवे चाक वाकून दुरुस्तीला गेल्यावर ती लागतातच. टायर उतरवून फक्त रिम माळ्यावर आडव्या ठेवल्या तर एका कोपऱ्यात मावतात.